ओसरत्या पाण्याची थाळी : भंडाऱ्याचे झिंगे आणि काकडी

१/ तिखटात परतलेले झिंगे, गरम भात आणि सोबत काकडीची कोशिंबीर. भंडारा जिल्ह्यातील घरांना हे उन्हाळी जेवण परके नाही. अर्ध्या तासात सिद्ध होणाऱ्या या थाळीमागे तलाव बांधणारे कोहळी, जाळे टाकणारे ढिवर, जमीनमहसुलाचे कायदे आणि वैनगंगेवरील एक धरण असा मोठा इतिहास उभा आहे. या धाग्यात तो क्रमाने पाहू.

२/ आधी शब्द. कोकणात जिला कोळंबी म्हणतात, तिच्या गोड्या पाण्यातील भावंडांना पूर्व विदर्भात झिंगे म्हणतात. भंडाऱ्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर, तरी झिंगा येथे पाहुणा नाही. तो तलावात, बोडीत, नाल्यात, नदीत वाढतो. वाळवून ठेवलेल्या बारीक मासळीला आणि झिंग्यांना येथे सुकसी म्हणतात.

३/ झिंग्यांचे घर म्हणजे तलाव, आणि भंडारा हा तलावांचा जिल्हा. येथील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. धानाला पाणी तर त्यानंतरही लागते. उताराच्या जमिनीवरून धावणारे पाणी मातीच्या पाळीने अडवायचे आणि गरजेनुसार पाटाने बांध्यांत सोडायचे, हा त्यावरचा जुना उपाय.

४/ या कामात कोहळी समाजाचा हातखंडा होता. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्यास त्याखालील जमीन मिळे, अशी परंपरा सांगितली जाते. उतार ओळखून पाळ कोठे घालावी, सांडवा कोठे ठेवावा, एका तलावाचे जादा पाणी दुसऱ्यात कसे न्यावे, हे ज्ञान पिढ्यांनी जपले. नवेगावबांधसारखा विस्तीर्ण जलाशय त्याच विद्येचे फळ. तो आज गोंदिया जिल्ह्यात आहे. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला.

५/ तलाव बांधला तो धान आणि उसासाठी. परंतु पाणी साचले की त्यात जीवसृष्टीही येते. काठाच्या उथळ पाण्यात गवते आणि पाणवनस्पती वाढतात, कुजणाऱ्या पानांवर सूक्ष्म जीव पोसले जातात आणि त्यांवर झिंगे. मोठ्या माशांपासून लपायलाही त्यांना हीच झुडपे लागतात. ज्या तलावात वनस्पती नाही, त्यात झिंगाही टिकत नाही.

६/ पाळ कोहळ्यांची, पण तलावातील जीवांचे ज्ञान ढिवरांचे. संस्कृत ‘धीवर’ हाच शब्द येथे ढिवर किंवा ढिमर झाला. पाणी कोणत्या महिन्यात किती उतरते, कोणता मासा कोठे अंडी घालतो, झिंगे दिवसा कोठे दडतात आणि रात्री कोठे निघतात, हा त्यांचा अलिखित ग्रंथ. खोल पाण्यासाठी जाळी, उथळ पाण्यासाठी बांबूच्या कामट्यांचे सापळे.

७/ रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ढिमरांचे अनेक व्यवसाय नोंदवले आहेत : मासेमारी, नाव चालवणे, पालखी वाहणे, पाणी भरणे, शिंगाडा लावणे. त्याच नोंदीत नदीकाठच्या वाळूत टरबुजे आणि भाजीपाला पिकवण्याचाही उल्लेख येतो. येथे आपल्या थाळीतील दुसरा पदार्थ इतिहासात प्रवेश करतो.

८/ वाळूतील वाडीची रीत अशी. पावसाळा संपून नदी आकसली की वाळूचे पट्टे उघडे पडतात. त्यांत ओल लागेपर्यंत खड्डे किंवा चर खणायचे, तळाशी शेणखत घालायचे आणि काकडी, डांगर, टरबूज लावायचे. मुळे खालच्या ओलीपर्यंत पोहोचतात. वेलींना सावरायला गवताचे आच्छादन पुरते. फळ हाती येते ते उन्हाळ्यात, आणि पहिल्या पुरात वाडी वाहून जाते. दर वर्षी नवी नदी, नवी वाडी.

९/ आता दोन्ही पंचांगे एकमेकांवर ठेवून पाहा. चैत्र-वैशाखात तलाव तळाला जातात, पाणी थोडे उरते आणि झिंगे थोड्या जागेत दाटतात. त्याच दिवसांत नदीच्या वाळूत काकडी भरात असते. म्हणजे तलाव ओसरतो तेव्हा झिंगा मिळतो आणि नदी ओसरते तेव्हा काकडी पिकते. दोन्ही पदार्थ ओसरत्या पाण्याचे देणे आहेत, आणि ते वेचणारे हातही बहुधा एकाच समाजाचे.

१०/ हा पदार्थ झटपट का होतो? त्याचे कारण झिंग्याच्या देहात आहे. त्याच्या डोक्यातील पाचक रस मेल्यानंतर लगेच मांस मऊ करू लागतात, आणि दुसऱ्या एका विकरामुळे कवच काळवंडते. वैशाखातल्या उन्हात बर्फाशिवाय ही घडी फार लवकर येते. म्हणून दोनच मार्ग : तत्काळ चुलीवर चढवणे किंवा तत्काळ उन्हात वाळवणे. एकाची झाली भाजी, दुसऱ्याची सुकसी.

११/ शिजायलाही तो वेळ घेत नाही. करडा झिंगा तव्यावर नारिंगी होतो, कारण त्यातील अस्टाझँथिन हे रंगद्रव्य जिवंतपणी प्रथिनाला बांधलेले असते. उष्णतेने ती गाठ सुटते आणि मूळ रंग उघड होतो. हा रंगबदल हीच स्वयंपाकिणीची घटिका. त्यापुढे फार वेळ ठेवला तर मांस आखडून चिवट होते.

१२/ कृती थोडक्यात अशी. झिंगे तीन-चार पाण्यांत धुऊन गवत-माती काढावी. मोठ्यांच्या पाठीतला काळा दोरा काढावा. हळद-मीठ लावावे. तेलात कांदा तांबूस करून ठेचलेला लसूण आणि तिखट घालावे, मग झिंगे. मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटे परतावे. सुटलेले पाणी आटले की वरून सांबार. (पश्चिम महाराष्ट्रातील वाचकांसाठी : विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर.)

१३/ तेल कोणते, यातही भूगोल आहे. धान कापण्याआधीच बांधीतल्या ओलीवर जवस आणि लाखोळी फेकून पेरण्याची या भागाची जुनी पद्धत. त्यामुळे जवसाचे तेल येथे घरचे होते. त्याचा उग्र वास झिंग्यांच्या वासापुढे नमतो. तिखटासाठी शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील भिवापूरची मिरची प्रसिद्ध. तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

१४/ कोशिंबीर त्याहून सोपी. काकडी चोचवावी, लिंबू पिळावे, भाजलेल्या जवसाचा किंवा शेंगदाण्याचा कूट घालावा आणि मीठ अगदी पानावर बसताना. मीठ आधी घातले की ते काकडीतील पाणी ओढून काढते आणि कोशिंबिरीचा रस्सा होतो. मासळीच्या जेवणात दही टाळण्याची रीत अनेक घरांत आहे. चरकसंहितेत मासे आणि दूध हे विरुद्ध आहार म्हणून सांगितले आहेत; त्या विचाराची छाया या रीतीवर दिसते.

१५/ या ताटाचे वयही पाहण्यासारखे आहे. काकडी भारतीय उपखंडातलीच. तिचे रानटी भाऊबंद आजही हिमालयाच्या पायथ्याशी आढळतात आणि तिचे नाव संस्कृत ‘कर्कटी’वरून आले. मिरची आणि शेंगदाणा मात्र अमेरिका खंडातले. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर भारतात आली. त्याआधीचा तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आल्याचा. झिंगा-काकडी जुनी, तिखट नवे.

१६/ आता हक्काची गोष्ट. नागपूरचे भोसले राज्य १८५४ साली खालसा झाले आणि १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला. त्यानंतरच्या बंदोबस्तात मालगुजारांना गावाची मालकी मिळाली, आणि तिच्यासोबत तलावही त्यांचे झाले. गावकऱ्यांच्या पाणी, चराई, सरपण अशा वापराला ‘निस्तार’ हे नाव मिळाले. ढिवर मासे धरी, पण तलाव कागदोपत्री त्याचा नव्हता. मालकाशी असलेल्या संबंधावर त्याची चूल चाले.

१७/ स्वातंत्र्यानंतर भंडारा मध्य प्रदेशात होता. मालगुजारी संपवणारा १९५० चा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला आणि तलाव शासनाकडे गेले. १९५६ साली जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. शोषणाची एक व्यवस्था गेली, हे न्याय्यच झाले. परंतु पाळ दुरुस्त करणारी, गाळ उपसणारी गावाची शिस्तही तिच्याबरोबर विस्कटली.

१८/ सरकारी भाषेत हे ‘माजी मालगुजारी तलाव’; लोकांनी त्याचे ‘मामा तलाव’ केले. पूर्व विदर्भात त्यांची संख्या हजारोंत आहे. नाव प्रेमळ, अवस्था तशी नाही. अनेकांत गाळ साचला, काठावर अतिक्रमण झाले आणि ‘बेशरम’ या झुडपाने उथळ पाणी व्यापले. ज्या पट्ट्यात झिंगे वाढतात, नेमका तोच पट्टा गेला.

१९/ दरम्यान मत्स्यव्यवसायाचे शास्त्र बदलले. १९५७ साली कटक येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाच्या साहाय्याने कार्प माशांचे प्रजनन घडवले. रोहू, कटला, मृगळ यांचे बीज विपुल मिळू लागले. सहकारी संस्थांनी तलाव ठेक्याने घेऊन त्यात बीज सोडले. उत्पादन वजनात मोजले जाऊ लागले, आणि देशाला त्याचा मोठा लाभही झाला.

२०/ पण या हिशेबात झिंगा बसला नाही. बीज सोडण्यापूर्वी तलावातील बारीक देशी मासे आणि पाणवनस्पती ‘तण’ समजून काढण्याची शिकवण होती. मोठा मासा विकण्यासाठी, बारीक मासा आणि झिंगा घरी खाण्यासाठी, अशी जुनी वाटणी होती. बाजाराचा मासा वाढला आणि घरच्या कढईचा घटला. ढिवरांच्या घरातील ताटाला याची झळ आधी लागली. सोबत काठाच्या पाण्यात झिंगे वेचण्याचा आधारही आटला.

२१/ तलावाची ही कथा, तर नदीची वेगळी. पवनी तालुक्यात वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. लाखो एकरांच्या सिंचनाचे ते स्वप्न होते. जलाशय भरला तेव्हा वरच्या अंगाचे वाळूचे पट्टे पाण्याखाली गेले. शेत बुडाले तर सातबारा दाखवता येतो. वाळूतील वाडीला सातबारा नसतो. जी जमीन दर पुरात नाहीशी होते, तिची भरपाई कोणत्या रकान्यात लिहायची?

२२/ धरणाचा संबंध झिंग्याशीही आहे. गोदावरी खोऱ्यातील मोठा नदीझिंगा मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी. १८४४ साली फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ मिल्न-एडवर्ड्स यांनी त्याचे वर्णन केले. त्याची पिल्ले मचूळ पाण्यात वाढतात आणि मग प्रवाहाविरुद्ध वर चढतात. वैनगंगा प्राणहितेतून गोदावरीला आणि तिच्यातून बंगालच्या उपसागराला मिळते. अशा प्रवासी जीवाला वाटेतली प्रत्येक भिंत अडवते. तलावातल्या लहान जाती गोड्या पाण्यातच जन्म पुरा करतात. म्हणून आज घरच्या झिंग्याची मदार तलावांवर अधिक आहे.

२३/ आणि आशाही तेथेच आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढिवर समाजाच्या सहकारी संस्था यांनी मिळून काही तलावांत उलटा प्रयोग केला. बेशरम उपटली, पावसाळ्यापूर्वी तलावाचा कोरडा काठ नांगरला आणि जुन्या जाणत्यांना विचारून देशी पाणवनस्पती लावल्या. झाडी परतली तसे देशी मासे आणि पाखरेही परतू लागली. पूर्वी ‘तण’ ठरलेले पुन्हा धन ठरले.

२४/ एखादा पदार्थ पाककृतीच्या वहीत टिकला म्हणजे टिकला, असा आपला समज असतो. झिंगे आज शहरात गोठवलेले मिळतात आणि काकडी बारमाही. ताट तसेच दिसेल. पण ढिवराच्या घरी ते ताट विकत घ्यावे लागत नव्हते. उथळ काठ, उघडी वाळू आणि तेथे हात घालण्याची मुभा एवढ्यावर ते उभे होते. पाच-सात मिनिटांच्या या भाजीला कोणाच्या मालकीचे पाणी लागते, हा प्रश्न १८६१ साली होता, १९५१ साली होता आणि आजही आहे.

२५/ आपल्या गावच्या मामा तलावाचे नाव काय, आणि त्याच्या काठाला अजून झिंगे मिळतात का? ठाऊक असेल तर खाली अवश्य लिहा. तलावांच्या याद्या सरकारदरबारी आहेत. कोणत्या तलावात काय मिळत असे, ही यादी मात्र गावकऱ्यांच्याच स्मरणात आहे. धागा येथे संपतो.