कालव्यावरील संसार

कालवा म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें उंसाच्या मळ्याला पाणी नेणारा पाट उभा राहतो. इंग्लंडांतील कालवे निराळ्या हेतूनें खोदले गेले; तेथें पाणी नेलें तें शेतासाठीं नव्हे, नावेसाठीं. इ. स. १७६१ सालीं ब्रिजवॉटरच्या ड्यूकनें जेम्स ब्रिंडली याच्या साह्यानें वर्स्लीच्या खाणींतील कोळसा मँचेस्टरकडे नेणारा कालवा चालू केला, आणि त्या शहरांतील कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. ड्यूक आणि इंजिनिअर यांचीं नांवें इतिहासानें जपून ठेवलीं. परंतु त्या पाण्यावर ज्यांनीं चूल मांडली, मुलें वाढविलीं आणि नाव बुडूं दिली नाहीं, त्यांचीं नांवें क्वचितच कोणी लिहून ठेवलीं. त्यांची विद्या मात्र नाव राखण्याच्या बारीकसारीक नियमांत अद्यापि जिवंत आहे.

मध्य इंग्लंडांतील अनेक कालव्यांवर पाण्याच्या पायऱ्या आहेत. त्यांस लॉक म्हणतात. दोन दरवाजांमधील हौदांत पाणी भरून नाव वर चढवावयाची, किंवा पाणी सोडून ती खालीं उतरवावयाची. खर्च वांचावा म्हणून हे हौद जेमतेम ७ फूट रुंद बांधले. म्हणून नावहि ६ फूट १० इंच रुंद व सुमारें ७० फूट लांब ठरली. २५-३० टन माल भरल्यावर माणसांसाठीं उरे ती मागच्या टोंकाची ८ ते १० फुटांची खोली. आरंभीं नावाडी नावेवर आणि कुटुंब गांवांत, अशी रीत बहुधा असे. पुढें रेल्वे आली, वाहतुकीचे दर उतरले, मदतनिसाचा पगार आणि घराचें भाडें दोन्ही परवडेनात. तेव्हां बायको हाताखालची खलाशी झाली आणि सारें बिऱ्हाड नावेवर आलें.

त्या खोलींतील मांडणी पाहण्यासारखी आहे. आंत येतांच डाव्या हाताला चूल. तिच्या शेजारीं कपाट, त्याचें दार खालीं पाडलें कीं जेवणाचें मेज होई. त्यापलीकडे आडवी खाट, ती सकाळीं मिटून कपाटांत जाई. छपरावर गुलाब आणि किल्ले रंगविलेली पिण्याच्या पाण्याची झारी. प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा, आणि वापर झाला कीं ती त्याच जागीं परत. नावेवर राहूं इच्छिणारास आजहि पहिला उपदेश हाच केला जातो. हौसेनें शिकावयाची ही गोष्ट त्या गृहिणीला निरुपायानें शिकावी लागली, एवढाच फरक.

बाहेरच्या जगाचें लक्ष इकडे वेधलें तें जॉर्ज स्मिथ या सुधारकानें. त्याचा ग्रंथ १८७५ सालीं निघाला आणि १८७७ व १८८४ सालीं कायदे झाले. प्रत्येक नावेची नोंदणी होऊं लागली. दर प्रौढ माणसामागें ६० घनफूट व लहान मुलामागें ४० घनफूट हवा खोलींत असली पाहिजे असें ठरलें. आणि नाव ज्या गांवीं नोंदलेली, तेथील मूल समजून त्याच्या शिक्षणाची सोय पाहावी, अशी तजवीज झाली. स्मिथनें वर्णन केलेली गर्दी व निरक्षरता खरी होती. परंतु दयेनें भरलेल्या दृष्टीला कित्येकदां कौशल्य दिसत नाहीं. तसें त्याचें झालें.

तें कौशल्य नावेच्या देहाच्या निगेंत होतें. बाजू ओकच्या, तळ एल्मच्या फळ्यांचा. फळ्यांच्या सांध्यांत जुन्या दोरांचे उकललेले तंतू ठांसून वर डांबर ओतीत. डांबर, गाईचे केस आणि घोड्याची लीद एकत्र शिजवून त्याचा लेपहि देत. आज नाव पोलादाची असते, तरी शत्रू तोच आहे. दर दोन-तीन वर्षांनीं नाव पाण्याबाहेर काढून, तळ खरवडून, काळ्या डांबरी रंगाचे हात द्यावे लागतात. गोड्या पाण्यांत मॅग्नेशियमचे तुकडे नावेच्या अंगाला जोडतात. ते स्वतः झिजतात आणि पोलाद वांचतें. पंख्याचा दांडा जेथून बाहेर जातो तेथें दिवसाचा प्रवास संपतांच ग्रीस दाबावें, आणि तळांत पाणी सांचलें कीं काय तें नित्य पाहावें. आळशाचें घर गळतें, आळशाची नाव बुडते.

कांहीं नियमांमागें जीवच तारण असतो. थंडीच्या भीतीनें हवेचीं भोंकें बुजविलीं तर चुलीचा विषारी वायु झोंपेंतच प्राण घेतो. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड. गळला तर नावेच्या तळांत साठतो. म्हणून नळकांडीं बाहेर निचरा असलेल्या पेटींत ठेवतात, आणि दर चार वर्षांनीं सुरक्षिततेचा दाखला घ्यावा लागतो. लॉकमधून उतरतांना वरच्या दरवाजाखालीं दगडी उंबरठा असतो. त्यावर मागची बाजू अडकली तर पाहतां पाहतां नाव पुढें कलते. म्हणून नाव पुढें ठेवावी, आणि दोर हातीं धरावा, पक्का बांधूं नये.

ही विद्या सुशिक्षितांच्या हातीं फार उशिरा आली. एल. टी. सी. रोल्ट १९३९ सालीं 'क्रेसी' नांवाच्या नावेवर पत्नीसह राहावयास गेला. त्याचें 'नॅरो बोट' हें पुस्तक १९४४ सालीं निघालें, आणि १९४६ सालीं कालवे वांचविण्यासाठीं संस्था उभी राहिली. महायुद्धांत मध्यमवर्गांतील तरुणींनीं मालाच्या नावा चालविल्या. त्या सारें कांहीं शिकल्या त्या निरक्षर म्हणविल्या जाणाऱ्या नावाड्यांकडून. १९६२-६३ च्या हिंवाळ्यांत कालवे गोठले आणि अगोदरच खंगलेल्या माल-वाहतुकीचा बहुतेक शेवट झाला. १९६८ च्या कायद्यानें अनेक कालवे करमणुकीसाठीं राखले.

पण इतिहासाचें चाक पुन्हां फिरलें आहे. लंडनसारख्या शहरांत घराचें भाडें झेपत नाहीं म्हणून कित्येक कुटुंबें पुनः नावेवर राहतात. ज्यांस कायमचा मुक्काम मिळत नाहीं, त्यांनीं १९९५ च्या कायद्यान्वयें एका ठिकाणीं सामान्यतः १४ दिवसांहून अधिक थांबावयाचें नाहीं. नाव पुढें सरकते, मुलाची शाळा मात्र जागच्या जागीं राहते. म्हणजे १८७७ सालचा प्रश्नच नव्या वेषांत उभा आहे. पितळेच्या लखलखीत मुठी आणि गुलाबाची झारी पाहून आपण ह्या जीवनावर लुब्ध होतों, त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु तो लखलखाट म्हणजे घर नाकारल्या गेलेल्या माणसांनीं आपल्या ७० चौरस फुटांहूनहि लहान खोलींत राखलेला स्वाभिमान होता, हें ध्यानांत ठेवल्यावांचून त्या संसाराचा इतिहास वाचला असें म्हणतां येणार नाहीं.