सर्रा : डेरा इस्माइल खान ते चंद्रपूर

पंजाब सरकारच्या लष्करी खात्याच्या एका अहवालावर ३ डिसेंबर १८८० ही तारीख आहे. लेखक ग्रिफिथ एव्हान्स, मूळचा वेल्सचा लष्करी पशुवैद्य. विषय डेरा इस्माइल खान जिल्ह्यात घोडे आणि उंट मारणारा ‘सर्रा’ हा रोग. जनावराला ताप येतो, उतरतो, पुन्हा चढतो. ते खंगत जाते, पाय सुजतात, आणि शेवटी मरते. एव्हान्सने आजारी घोड्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली घेतले, तेव्हा तांबड्या पेशींना ढुशा देत वळवळणारे जीव त्याला दिसले. ते रक्त त्याने निरोगी जनावरांना टोचले. तीही आजारी पडली आणि त्यांच्याही रक्तात तेच जीव निघाले. या अहवालाचे खरे मोल या क्रमात आहे. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला तो १८८२ साली. त्याआधीच सिंधूकाठी एका पशुवैद्याने रोगाचे कारण ठरवण्यासाठी केवळ निरीक्षणावर न थांबता प्रयोग करून पाहिला होता.

तरीही त्याचे म्हणणे मान्य झाले नाही. कलकत्त्यात टिमथी लुईसने असेच जीव उंदरांच्या रक्तात पाहिले होते, आणि १८७८ मध्ये ते प्रसिद्धही केले होते. ते उंदीर धडधाकट होते. मग घोड्याच्या रक्तातले जीव तरी रोगाचे कारण कसे असतील, असा लुईसचा आक्षेप. या आक्षेपाला अडाणीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. लुईसचे निरीक्षण अचूकच होते. फक्त उंदरातला परजीवी दिसायला सारखा असला तरी वेगळ्या जातीचा होता, आणि हे ओळखण्याचे साधन त्या काळी कोणाच्याच हाती नव्हते. एव्हान्सनेही जपूनच लिहिले. १८८१ मध्ये ‘व्हेटरिनरी जर्नल’मध्ये त्याचा लेख आला, त्याच्या शीर्षकातच हा रोग रक्तातल्या परजीवीमुळे ‘बहुधा’ होतो असे म्हटले आहे.

पुढचा कागद ब्रह्मदेशातला आहे. तिथे सामान वाहणारी लष्करी खेचरे मरू लागली, तेव्हा तपासाला जॉन हेन्री स्टील गेला. त्याच्या १८८५ च्या अहवालाचे लांबलचक शीर्षक मुद्दाम वाचण्यासारखे आहे. हा रोग एव्हान्सने प्रथम वर्णिलेलाच असावा, हे स्टील तिथेच नोंदवतो आणि पंजाब सरकारच्या अहवालाची तारीखही देतो. दुसऱ्याच्या कामाचे ऋण इतक्या ठळकपणे मानणारी सरकारी कागदपत्रे विरळाच. स्टीलचा अंदाज मात्र चुकला. त्याने हा जीव मळसूत्री जंतू समजून त्याला ‘स्पायरोकीटा इव्हान्साय’ हे नाव दिले. पुढच्याच वर्षी क्रुकशँकने त्याचा चाबकासारखा तंतू आणि लहरणारा पडदा ओळखला. १८८८ मध्ये बाल्बियानीने त्याला ट्रिपॅनोसोम या परजीवींच्या गटात बसवले. एव्हान्सचे नाव तेवढे कायम राहिले.

याच स्टीलने १८८६ मध्ये परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. १८८९ मध्ये पुण्यात सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली. तिचा प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड. घोड्यांच्या सर्र्यावरचा त्याचा अहवाल १८९३ मध्ये मुंबईत छापला गेला, आणि प्रयोगशाळा त्याच सुमारास कुमाऊँतल्या मुक्तेश्वरला हलली. घोडमाश्या हा रोग एका जनावरातून दुसऱ्यात नेतात, हे लेनर्ड रॉजर्सने १९०१ मध्ये प्रयोगांनिशी मांडले. एव्हान्स शंभरी गाठून १९३५ मध्ये वारला.

सर्रा जनावरांचा, माणसाला त्याचे भय नाही, अशी समजूत पुढे सव्वाशे वर्षे टिकली. २००५ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांचा लेख आला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला पाच महिने ताप येत-जात होता आणि त्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोम होते. सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, रक्तद्रवाच्या आणि रेणवीय चाचण्या, सगळ्यांचा निष्कर्ष एकच निघाला : सर्र्याचा परजीवी. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात तो पोचलेला नव्हता. आफ्रिकेतल्या निद्रारोगावरचे सुरामिन दिल्यावर रुग्ण बरा झाला.

याच माणसाला हा रोग का व्हावा, याचे उत्तर २००६ मध्ये मिळाले. माणसाच्या रक्तात ‘एपीओएल-१’ नावाचे प्रथिन असते, ते हा परजीवी मारते. या शेतकऱ्याला आई आणि वडील दोघांकडून त्या जनुकाची बिघडलेली प्रत मिळाली होती, त्यामुळे त्याच्या रक्तात हे प्रथिन नव्हतेच. प्रयोगशाळेत ते वरून मिसळताच त्याचा रक्तद्रव परजीवींना मारू लागला. लुईस आणि एव्हान्स यांच्या वादाचा धागा मला इथे पुन्हा सापडतो, कारण परजीवीइतकाच तो ज्याच्या अंगात शिरतो त्याचाही विचार करावा लागतो.

या शेतकऱ्याच्या गावातल्या १,८०६ लोकांची तपासणी झाली. बोटातल्या रक्ताच्या पहिल्या चाचणीत ४१० जणांत परजीवीविरोधी प्रतिपिंडांच्या खुणा दिसल्या; रक्तद्रवाच्या चाचणीत त्यांतल्या ८१ जणांच्या पक्क्या ठरल्या. ज्या ६० जणांत त्या खुणा ठळक होत्या, त्यांच्या रक्तात एकही ट्रिपॅनोसोम सापडला नाही. म्हणजे बहुधा माश्या गावात अनेकांना चावत होत्या आणि अनेकांचे रक्त परजीवीचा निकाल लावत होते. तेवढ्यावर हे प्रकरण मिटत नाही. व्हिएतनाममधल्या एका स्त्रीला याच परजीवीची लागण झाल्याचा अहवाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आहे, आणि तिच्या रक्तात ते प्रथिन नेहमीच्या प्रमाणात होते.