बर्लीची पागा: घोडे गेले, बिऱ्हाडे आली

(१/९) इंग्लंडच्या रटलंड परगण्यात, ओकम गावाजवळच्या टेकडीवर ‘बर्ली-ऑन-द-हिल’ हा भव्य वाडा उभा आहे. आज तो कोणा एका उमरावाचा नाही. वाडा, पागा आणि भोवतीच्या उपवास्तू मिळून तेथे २२ स्वतंत्र घरे आहेत. घोड्यांच्या जागी माणसे राहू लागली, त्याचा हा धागा.

(२/९) प्रथम पागेचा मान. १७व्या शतकाच्या पूर्वार्धात बर्ली ही बकिंगहॅमचा पहिला ड्यूक जॉर्ज व्हिलियर्स याच्या मालकीची होती. राजा पहिल्या जेम्सचा हा लाडका दरबारी १६१६ पासून ‘मास्टर ऑफ द हॉर्स’, म्हणजे शाही पागेचा प्रमुख होता. साहजिकच त्याच्या स्वतःच्या पागेचा बोलबाला झाला. टॉमस फुलर या त्याच शतकातील ग्रंथकाराने बर्लीचा वाडा उत्तम, पण पागा मात्र देशात सर्वांत सरस ठरवली.

(३/९) पुढे यादवी युद्धात संसदेच्या शिबंदीने वाडा जाळला. दिवाणखाने राख झाले. पागा तेवढी वाचली.

(४/९) १६९०च्या दशकात नॉटिंगहॅमचा दुसरा अर्ल डॅनियल फिंच याने नवा वाडा बांधावयास घेतला. समोर विस्तीर्ण चौक, दोहों बाजूंना वळणदार स्तंभपंक्ती, त्यांना जोडून पागा व कामकाजाच्या इमारती. येथे पागा मागच्या दारी दडवलेली नाही, ती दर्शनी रचनेचेच अंग आहे. वाड्याच्या पायऱ्या चढण्याआधीच पाहुण्याला यजमानाची ऐपत कळावी, हा त्यामागचा हिशेब.

(५/९) अशा पागांची घडण मुळात कामाच्या सोयीने ठरे. खाली लाकडी आडोशांनी विभागलेली ठाणी. वर गवताचा माळा आणि मोतद्दारांच्या खोल्या. खिडक्या उंचावर, म्हणजे घोड्याच्या डोळ्यांवर थेट उजेड नको आणि अंगावर वारा नको. बग्ग्यांसाठी रुंद कमानी. पुष्कळ ठिकाणी माथ्यावर घड्याळाचा मनोरा असे. मालकाच्या वेळेपेक्षा चाकरांची वेळ पाळण्यासाठी त्याचा उपयोग अधिक. सारख्या मापाचे खण ओळीने असल्याने अशी इमारत घरांत विभागणे सोपे जाते. अडचण उजेडाची. उंच, लहान खिडक्या माणसाला पुरत नाहीत; म्हणून बग्गीच्या कमानीत काच बसवण्याची युक्ती सर्रास वापरली जाते.

(६/९) मोटारी आल्या, पागा ओस पडल्या. पाठोपाठ वारसाकर आणि नोकरांची टंचाई यांनी वाडेही टेकीस आले. १९७४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने नष्ट झालेल्या वाड्यांवर प्रदर्शन भरवले. पाडलेल्या वा उद्ध्वस्त झालेल्या वाड्यांची संख्या हजारावर होती. बर्ली १९०८च्या आगीतून कशीबशी सावरली होती (त्या रात्रीच्या पाहुण्यांत विन्स्टन चर्चिलही होते!), परंतु तिचेही भवितव्य सुरक्षित नव्हते.

(७/९) १९९०च्या दशकात किट मार्टिन यांनी बर्ली हाती घेतली. रॉयल फेस्टिव्हल हॉलचे एक वास्तुकार लेस्ली मार्टिन यांचे हे पुत्र. मजल्यागणिक सदनिका पाडल्या तर मोठी दालने चिरली जातात; त्यांनी वाडा उभा विभागला. मुख्य वाड्यात अवघी ६ घरे, उरलेली पागेत व उपवास्तूंत. येथेच खरी मेख आहे: उपवास्तूंतही घरे केली, म्हणून वाड्यात दाटी करावी लागली नाही. ज्या पागेने एकदा आग चुकवली, तिनेच वाड्याचा भार उचलला, असे म्हणणे फारसे अतिशयोक्त ठरू नये.

(८/९) मात्र या यशाला दुसरी बाजू आहे. पागेचे घर करताना सहसा आधी जातात ती ठाणी, गव्हाणी आणि माळ्यावरच्या खोल्या. दर्शनी भिंत जपली जाते. मोतद्दार जेथे निजत असे, ती जागा स्नानगृह होते. उमरावांची नावे ग्रंथांत आहेत, चाकरांचा पुरावा बहुधा याच लाकूडकामात होता.

(९/९) बर्लीचा दर्शनी चौक मात्र अखंड राहिला. मार्टिन यांच्या पद्धतीत भोवतालची जमीन सामाईक ठेवली जाते. प्रत्येक घरापुढे वेगळे कुंपण घालून तिचे तुकडे केले जात नाहीत.