स्वच्छ आतड्याची अट: कोलोनोस्कोपीच्या पूर्वतयारीचा इतिहास 🧵

१/८
१९६९. न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी लवचीक दुर्बिणीतून तारेचा फास घालून मोठ्या आतड्यातील पॉलिप, म्हणजे मांसल गाठ, पोट न फाडता काढली. कर्करोगाचे मूळ आधीच खुडता येऊ लागले. अट एकच: आतडे स्वच्छ हवे.

२/८
ही अट पाळणे सोपे नव्हते. दोन-तीन दिवस पातळ आहार, एरंडेल किंवा सोनामुखी आणि वर एनिमा. रुग्ण गळून जाई. तरीही मळ उरे आणि त्याखाली चपटा पॉलिप दडून राही.

३/८
१९७० च्या दशकात नवा उपाय आला: नाकातून नळी घालून लिटरमागून लिटर मिठाचे पाणी सोडायचे. आतडे धुतले जाई, पण बरेचसे मीठ-पाणी रक्तात शोषले जाई. दुबळ्या हृदयाला आणि मूत्रपिंडांना तो भार धोक्याचा होता.

४/८
मग मॅनिटॉल आले. ही साखर फारशी शोषली जात नाही. मात्र आतड्यातील जिवाणू तिच्यापासून हायड्रोजन बनवतात. विजेच्या फासाने पॉलिप कापताना या वायूचा स्फोट होऊन रुग्ण दगावल्याची नोंद फ्रेंच डॉक्टरांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केली.

५/८
१९८० मध्ये डॅलसच्या जॉन फोर्डट्रान यांच्या गटाने तोडगा मांडला. पॉलिइथिलीन ग्लायकॉल पाणी धरून ठेवते, तर सल्फेटमुळे सोडियमचे शोषण घटते. शरीर पाणी जवळपास घेतही नाही, गमावतही नाही. प्यायलेले द्रावण मळासह बाहेर पडते.

६/८
पण द्रावण चार लिटर आणि चव खारट! अनेकांना ते संपवता येईना. म्हणून थोडक्यात आटोपणारे सोडियम फॉस्फेट लोकप्रिय झाले. त्याने काहींची मूत्रपिंडे कायमची निकामी केली; २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर कठोर इशारा छापायला लावला.

७/८
पुढची मोठी सुधारणा घड्याळाने केली. सगळे औषध आदल्या संध्याकाळी घेतले, तर रात्रभरात लहान आतड्यातील पाझर उतरून उजवीकडचे मोठे आतडे पुन्हा माखते. म्हणून अर्धे आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीच्या चार ते सहा तास आधी. २०१४ मध्ये अमेरिकी तज्ज्ञ संघटनांनी हीच विभागणी शिफारशीत घेतली.

८/८
दुर्बीण कितीही तीक्ष्ण असो, मळाआडचे तिला दिसत नाही. पहाटे उठून नाइलाजाने संपवलेल्या त्या उरलेल्या अर्ध्या द्रावणावर कुणाचा तरी पॉलिप वेळेत सापडणे अवलंबून असते.