ह्यातीपुरता हिस्सा ते हक्काचा हिस्सा

गटाच्या बैठकीत हल्ली एक गोष्ट वरचेवर ऐकू येते. "भाऊ म्हणतोय, तालुक्याला चल, एक सही करायची आहे." सही कशावर, असं आम्ही विचारलं की बहुतेक जणी म्हणतात, "ते काही माहीत नाही बाई." म्हणून आज ती सही ज्या हिश्शावर मागतात, तो आपल्याकडे आला कसा ते सांगतो.

आपल्या पणजीच्या काळी एकत्र कुटुंबातल्या विधवेला अन्नवस्त्र मिळे, जमिनीत वाटा नसे. १९३७ साली डॉ. गो. वि. देशमुख यांच्या विधेयकावरून कायदा झाला आणि तिला नवऱ्याचा हिस्सा मिळू लागला. पण तो ह्यातीपुरता. खायचं, राहायचं, मात्र खऱ्या गरजेशिवाय विकायचं नाही. ती गेली की मालमत्ता नवऱ्याच्या वारसांकडे परत. त्यातही १९४१ साली फेडरल कोर्टाने सांगितलं, की शेतजमिनीला हा कायदा लागू नाही. खेड्यातल्या बाईकडे दुसरं होतं तरी काय?

पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिल मांडलं. ते रखडलं आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं. त्याचाच एक तुकडा म्हणजे १९५६ चा हिंदू वारसा कायदा. त्याचं चौदावं कलम आम्हाला फार मोलाचं वाटतं. विधवेच्या ताब्यात आधीपासून असलेली ह्यातीपुरती मालमत्ताही त्याने तिच्या पूर्ण मालकीची केली. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस झाली. वडिलोपार्जित जमिनीत मात्र जन्माने हक्क मुलालाच राहिला.

महाराष्ट्राने ते १९९४ साली बदललं. पण अट अशी, की २२ जूनच्या आधी लग्न झालेलं नसावं. एकाच घरातली थोरली बाहेर आणि धाकटी आत! ९ सप्टेंबर २००५ ला देशभराचा कायदा बदलला, तेव्हा लग्नाची अट गेली. वडील त्या दिवशी हयात हवेत का, यावर पुढे बरीच वर्षं कोर्टकज्जे झाले. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र मोडत नाहीत. (हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शिखांचा. मुस्लिम, ख्रिस्ती आणि आदिवासी भगिनींचे नियम वेगळे, त्यावर वेगळं बोलावं लागेल.)

मृत्युपत्राचं काय, असंही विचारतात. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही. वडील आपला हिस्सा कुणालाही देऊ शकतात. तुमचा जन्माचा हिस्सा त्यांच्या मृत्युपत्राने जात नाही.

तो जातो आपल्याच सहीने. वडील गेल्यावर वारस नोंद होते, तिने आपलं काही सुटत नाही, उलट नाव लागतं. हक्कसोड पत्र हा निराळा कागद. तो दुय्यम निबंधकांकडे नोंदवला जातो, आणि नंतर सही फसवून किंवा दबाव आणून घेतली असं म्हणायचं तर दिवाणी कोर्टात सिद्ध करावं लागतं. भावाला राजीखुशीने हिस्सा देणाऱ्या बहिणी आहेत, त्यांना आम्ही अडवत नाही. पण "वारस नोंदीसाठी सही" म्हणून हक्कसोड पुढे सरकवतात, तिथे आमचा जीव तुटतो. माहेर तुटेल ही भीती खोटी नाही, आमच्यातल्या कितीतरी जणींनी तिच्यापायीच सही केली आहे.

तेव्हा कागदाच्या डोक्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा. वाचता येत नसेल तर कागद घेऊन गटात या. फेरफाराची नोटीस आली तर हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात, ती फडताळात ठेवून देऊ नका. आणि सातबारा काढाल तेव्हा आपलं नाव भावांच्या रांगेत आहे की 'इतर हक्क' या रकान्यात, तेही बघा.