मोजमाप ही चैन नव्हे

यवतमाळ जिल्ह्यात कर्करोगाचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते, आणि ते मांडणारी माणसे कळकळीची असतात. त्यांचे म्हणणे असे: खर्र्याने इथल्या तरण्या पोरांची तोंडे नासली. रुग्ण डॉक्टरांसमोर येतो तोच तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात. झरी-जामणीहून नागपूर गाठायचे तर भाडे लागते आणि मजुरीही बुडते. अशा ठिकाणी आधी तंबाखू सोडवा, लवकर निदान करा, औषधे आणि यंत्रे द्या. केमोने किंवा शेकाने गाठ नक्की किती बसली हे स्कॅनवरून अचूक मोजण्याच्या साधनांवर संशोधन करणे हे श्रीमंत देशांचे काम. त्यांनी साधने घडवावीत, सिद्ध झाली की आपण घ्यावीत. आपला पैसा त्यात घालणे ही चैन आहे.

हा पूर्वपक्ष दुबळा नाही, आणि त्याचा अर्धा भाग निर्विवाद खरा आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेताना आढळले. राज्यात गुटखाबंदी २०१२ साली आली, पण सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा विदर्भातल्या पानठेल्यांवरून गेला नाही. लवकर निदानाचे फळही आपल्याच मातीत सिद्ध झाले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी नुसत्या व्हिनेगरच्या साह्याने गर्भाशयमुख तपासले आणि त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. म्हणून प्रतिबंध आणि तपासणी यांवरचा एकही रुपया कमी करा, असे मी म्हणत नाही. माझा आक्षेप पुढच्या वाक्याला आहे. मोजमापाला चैन ठरवणारे हे मत आज आजारी असलेल्या माणसाचा विचार अर्ध्यावर सोडते. रुग्णाला औषध द्यावे हे या मताला मान्य आहे. ते औषध लागू पडते आहे की नाही हे कसे कळणार, याचे उत्तर मात्र त्याच्यापाशी नाही.

‘डॉक्टरांच्या अनुभवी बोटांना ते कळते,’ हे पहिले उत्तर दिले जाते. या उत्तराची परीक्षा पन्नास वर्षांपूर्वीच झाली आहे. १९७६ साली चार्ल्स मोर्टेल आणि जेम्स हॅन्ली यांनी बारा घन गोळे फोमच्या थराखाली ठेवले आणि सोळा अनुभवी कर्करोगतज्ज्ञांना ते हाताने चाचपून मोजायला सांगितले. मापे इतकी वेगवेगळी आली की गाठ पंचवीस टक्क्यांनी घटली म्हणजे उपचार लागू पडला, हा निकष निरुपयोगी ठरला, कारण गोळ्याचा आकार जराही न बदलता केवळ मोजण्याच्या चुकीने तेवढी ‘घट’ वारंवार दिसत होती. गोळे टणक आणि गोल होते, तज्ज्ञ निष्णात होते, तरी हे झाले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष आले आणि २००० साली ‘रेसिस्ट’ नावाचे निकष. २००९ मध्ये सुधारलेले तेच निकष आज जगभर वापरात आहेत. निवडक गाठींच्या लांबीची स्कॅनवरून बेरीज करायची. ती ३० टक्के घटली तर अंशतः प्रतिसाद, २० टक्के वाढली तर रोग वाढला.

आता हीच परीक्षा यवतमाळच्या रुग्णावर करून पाहा. वर्षानुवर्षे सुपारी चघळल्याने गालाच्या आतले अस्तर ताठर होते आणि तोंड उघडेनासे होते. वैद्यकात याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात, रुग्ण साध्या शब्दांत सांगतो, ‘दोन बोटंही आत जात नाहीत.’ ज्या तोंडात बोटच शिरत नाही, तिथे बोटांचा अनुभव काय कामाचा? शिवाय गालाचा कर्करोग गोळ्यासारखा वाढत नाही. तो अस्तराखालून पसरतो, जबड्याकडे आणि चावण्याच्या स्नायूंमागच्या पोकळीकडे सरकतो. लांबी मोजणारा निकष अशा पसरट गाठीला अपुरा पडतो. साध्या सिटी स्कॅनमध्येही गाल आणि हिरडी एकमेकांना चिकटून दिसतात, म्हणून रुग्णाला गाल फुगवून धरायला सांगून स्कॅन काढतात. या युक्तीला जास्तीचा पैसा लागत नाही. स्कॅनच्या खोलीत मोकळ्या डोक्याने पाहिले की अशा गोष्टी सुचतात. त्या जिल्हा पातळीवर किती भरवशाच्या ठरतात, केमोच्या आधीचे आणि नंतरचे माप दोन वेगळ्या डॉक्टरांनी घेतले तर किती जुळते, हे तपासणे म्हणजेच ज्याला चैन म्हटले जाते ते संशोधन.

दुसरे उत्तर असे की उशिरा आलेल्या रुग्णासाठी मोजून काय मिळणार, पैसा लवकर निदानाला द्या. मुळात वस्तुस्थिती उलटी आहे. लवकर सापडलेल्या छोट्या गाठीवर थेट शस्त्रक्रिया होते, तिथे मधल्या मोजमापाची गरज कमी. उशिरा आलेल्याचे सगळे भवितव्यच त्या मापावर उभे असते. टाटा स्मारकमध्ये शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या मुखकर्करोगाच्या ७२१ रुग्णांना आधी केमो देऊन पाहण्यात आले, आणि सुमारे ४३ टक्के रुग्णांची गाठ एवढी आटली की त्यांच्यावर शस्त्रक्रिया करता आली. विजय पाटील आणि सहकाऱ्यांनी ही माहिती २०१४ साली प्रसिद्ध केली. आता दोन-तीन केमोनंतर अशा रुग्णासमोर बसलेल्या सर्जनचा विचार करा. माप चुकीने मोठे आले तर वाचू शकणारा माणूस ‘आता काही होणार नाही’ म्हणून घरी पाठवला जाईल. चुकीने लहान आले तर जबडा काढूनही गाठ मागे राहील. उशिरा येणाऱ्या रुग्णांचा जिल्हा म्हणूनच यवतमाळला हे संशोधन कुणापेक्षाही जास्त हवे आहे.

तिसरे उत्तर खर्चाचे: स्कॅन वाढले की गरिबाचा खिसा आणखी रिकामा होतो. काळजी रास्त आहे, पण हिशेब अपुरा आहे. ब्रिटनमधील ‘पेट-नेक’ चाचणीत मान आणि घशाच्या कर्करोगाचे ५६४ रुग्ण होते. केमो आणि शेक यांनंतर निम्म्यांची मानेची ठरलेली शस्त्रक्रिया झाली, तर निम्म्यांचे पेट स्कॅन करून गरज दिसली तरच शस्त्रक्रिया झाली. पहिल्या गटात २२१ शस्त्रक्रिया झाल्या, दुसऱ्यात ५४. जगण्याचे प्रमाण सारखेच राहिले आणि दर रुग्णामागे सुमारे १,४९२ पौंड वाचले. हॉजकिन लिम्फोमात दोन केमोनंतरच्या पेट स्कॅनच्या आधारे फुप्फुसांना इजा करणारे ब्लिओमायसिन पुढे वगळता येते, हे २०१६ च्या ‘रॅथल’ चाचणीने दाखवले. याच्या उलट, दुसऱ्या प्रकारच्या लिम्फोमात मधल्या स्कॅनवरून उपचार अधिक कडक करून काहीही फायदा होत नाही, हे जर्मनीच्या ‘पेटल’ चाचणीतून कळले. म्हणजे कोणता स्कॅन रुग्णाला वाचवतो आणि कोणता नुसता खर्चात पाडतो, हे सांगण्याची ताकद संशोधनातच आहे. ते न करता राहिलो तर स्कॅन कमी होणार नाहीत; ते अंदाजाने होत राहतील, आणि न लागू पडणारी केमो सहाव्या फेरीपर्यंत चालत राहील. यवतमाळच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदी केंद्रावर आर्द्रता मोजल्याशिवाय त्याच्या कापसाला भाव मिळत नाही; नुसत्या हाताच्या अंदाजावर तो आपला माल सोडणार नाही.

चौथे उत्तर सगळ्यांत प्रचलित: परदेशात सिद्ध झालेले आपण घेऊ. आता त्याच ‘पेट-नेक’कडे पुन्हा पाहा. त्या चाचणीतील सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांचा कर्करोग एचपीव्ही या विषाणूशी निगडित होता. तो मुख्यतः घशात होतो आणि शेकाला चांगली दाद देतो. आपल्याकडचा गाल-हिरडीचा कर्करोग तंबाखू-सुपारीचा आहे, त्याचा स्वभावच वेगळा. तिथला नियम उचलून इथे लावला तर तो टिकेल का, हे तपासल्याखेरीज कोणी सांगू शकत नाही. दुसरी अडचण क्षयरोगाची. पेट स्कॅनसाठी टोचलेली साखर फक्त कर्करोगाच्या पेशीच शोषतात असे नाही, क्षयाची गाठही तशीच चमकते. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. क्षय जवळजवळ नसलेल्या देशात घडवलेले संगणकीय साधन इथल्या मानेतल्या चमकत्या गाठीला कर्करोग म्हणून मोजेल, आणि बरा होत असलेला रुग्ण बिघडत चालल्याचा निर्वाळा देईल.

औषधांची गोष्टही तशीच. इम्युनोथेरपीची पूर्ण मात्रा आपल्या बहुतेक रुग्णांच्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून टाटा स्मारकच्या डॉक्टरांनी निव्होलुमॅबची वीस मिलिग्रॅमची, म्हणजे नेहमीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, मात्रा तोंडी घ्यायच्या स्वस्त औषधांबरोबर देऊन पाहिली. २०२३ च्या अहवालानुसार एका वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. इम्युनोथेरपीत गाठ कधी कधी आधी फुगते आणि मग आटते. त्यासाठी २०१७ साली मोजमापाचे वेगळे निकष करावे लागले. पण ते पूर्ण मात्रेच्या अनुभवावर बेतलेले आहेत. अल्प मात्रेचा उपचार आपला असेल, तर त्याची मोजपट्टी परदेशात कोण तयार करून देणार? आणि आपल्याला हे जमणार नाही, असे समजायलाही कारण नाही. मानेची शस्त्रक्रिया आधीच करावी की रोग दिसल्यावर, हा जगाचा जुना वाद टाटा स्मारकच्या २०१५ च्या चाचणीने सोडवला. तीन वर्षांचे जगण्याचे प्रमाण ८० टक्के विरुद्ध ६७.५ टक्के, असा तो स्पष्ट निकाल होता.

उरते पाचवे उत्तर: संशोधन राहू द्या, यवतमाळला पेट स्कॅनचे यंत्र बसवा. पेटसाठी लागणारे किरणोत्सारी द्रव्य दर ११० मिनिटांनी निम्मे होते. नागपुराहून दीडशे किलोमीटर यायला तीन तास लागले, तर पोचेपर्यंत ते एक तृतीयांशाच्या आसपास उरते. यंत्र आणले तरी ते रोज वापरता येईल का, हा प्रश्न उरतोच. त्यामुळे खरा प्रश्न असा विचारला पाहिजे की वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी, सोनोग्राफी आणि सिटी स्कॅन या सर्वत्र असलेल्या साधनांतून प्रतिसादाचे किती भरवशाचे माप काढता येईल. पेटला गाठणारे नसले तरी निर्णयापुरते पुरेल असे.

इथून माझी बाजू मांडतो. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दिवसभराची उपचार केंद्रे उघडण्याचे जाहीर केले. केमो जिल्ह्यात आली तर नागपूरची वारी वाचेल, हे मोठे पाऊल आहे. पण केमो यवतमाळला आणि मोजमाप नागपूरला अशी फाळणी झाली, तर रुग्णाला पुन्हा एसटीतच बसावे लागेल, किंवा मोजमाप राहूनच जाईल. म्हणून या केंद्रांसोबतच संशोधनाचा निधी ठरवून द्यावा, आणि तो तीन कामांसाठी असावा.

पहिले, एकसारखे मापन. दोन गावांतल्या यंत्रांवर काढलेले स्कॅन तुलना करण्यायोग्य व्हावेत यासाठी ठरावीक मापाची नमुना-वस्तू सर्व यंत्रांत तपासून घ्यावी लागते आणि स्कॅनची पद्धत एकच ठेवावी लागते. हे कंटाळवाणे काम आहे, पण त्याशिवाय पुढचे सगळे फोल आहे. दुसरे, जोडलेली नोंद. शेजारच्या वर्धा जिल्ह्याची कर्करोग नोंदणी सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत होते. तसेच स्कॅन, उपचार आणि रुग्णाचे पुढे काय झाले हे एकत्र साठवले, तरच कोणते माप खरे ठरले ते कळेल. २०१२ पासूनचे राष्ट्रीय कर्करोग जाळे यासाठी तयार आधार आहे. तिसरे, खर्र्याच्या तोंडासाठी आणि स्तनाच्या गाठीसाठी सोनोग्राफीचे साधे साधन. या यंत्रांवर १९९४ च्या गर्भलिंगनिदान-विरोधी कायद्याची योग्य बंधने आहेत, त्यामुळे साधनाचा आराखडा पहिल्यापासून त्या बंधनांत बसणारा लागेल. ही अट परदेशातल्या प्रयोगशाळेला ठाऊकही नसते.

हा पैसा सरकारनेच द्यायला हवा, याला कारण आहे. औषध कंपनी औषध विकते, यंत्र कंपनी यंत्र विकते. ‘हे औषध थांबवा’ असे सांगणाऱ्या निर्भीड मापात दोघींनाही फायदा नाही. म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनेही उपचाराचा प्रतिसाद मोजणाऱ्या साधनांसाठी २००८ मध्ये वेगळे संशोधन-जाळे उभारले आणि सार्वजनिक निधी दिला. आपला देश संशोधनावर एकूण उत्पन्नाच्या ०.६४ टक्केच खर्च करतो, हे खरे. पण २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचे उद्दिष्ट पाच वर्षांत ५० हजार कोटींचे आहे. त्यातला लहानसा वाटा जिल्ह्यांतल्या मोजमापाला मिळणे अशक्य नाही, आणि मागितल्याशिवाय तो मिळणारही नाही.

प्रतिबंध उद्याच्या रुग्णाला वाचवतो. आजच्या रुग्णाला वाचवायचे तर त्याला दिलेले औषध कामाचे आहे की नाही हे वेळेत कळले पाहिजे, आणि तो प्रश्न यवतमाळच्या तोंडांवर, यवतमाळच्या यंत्रांवर, यवतमाळच्याच डॉक्टरांनी सोडवला पाहिजे. जिल्ह्यात केमोची पहिली बाटली लावली जाण्याआधी तिचे फळ मोजण्याची तरतूद मंजूर व्हावी, एवढीच माझी मागणी आहे.