पलटणीतला प्रिन्स आंद्रेई

आज लढाई खरी आहे, माणूस मात्र कादंबरीतला.

टॉलस्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’मधला प्रिन्स आंद्रेई सुरुवातीला कशातच गुंतलेला नसतो. मेजवान्यांना विटलेला, गरोदर बायकोशीही तुटक. तिला वडिलांच्या घरी सोडून १८०५ मध्ये तो कुतुझोवचा एडीसी म्हणून लढाईवर जातो. हवं असतं फक्त नाव. ऑस्टरलिट्झला पळणाऱ्या पलटणीपुढे झेंडा घेऊन धावतो आणि जखमी होऊन पडतो. (खऱ्या लढाईत कुतुझोवचा जावई टीझेनहाउझेन असाच झेंडा घेऊन धावला होता. तो वाचला नाही.) वरचं उंच आकाश पाहून आंद्रेईला त्याचा हिरो नेपोलियनही किरकोळ वाटतो.

माणूस इथे बदलला, असं बरेच जण म्हणतात. मला पटत नाही. नावाची हाव सुटली, पण माणसांपासूनचं अंतर तसंच राहिलं. पुढे नताशात जीव गुंततो, पण कुरागिन तिला फूस लावतो, लग्न मोडतं आणि आंद्रेई द्वेषाने आणखी मिटतो.

खरा बदल १८१२ चा. कुतुझोव पुन्हा स्टाफवर बोलावतो, तेव्हा हा नकार देतो: मी माझ्या पलटणीतच बरा. फौजेत राहिलेल्या माणसाला या नकाराची किंमत कळते. ७ सप्टेंबरला बोरोदिनोत ती पलटण राखीव म्हणून तोफांच्या माऱ्यात नुसती उभी राहते. एकही गोळी न झाडता एक तृतीयांश माणसं जातात. चढाईत भीतीला सवड नसते. उभ्याने मार खाणं फार अवघड. टॉलस्टॉय स्वतः सेवास्तोपोलला तोफखान्यात होता, बोरोदिनोचं मैदानही त्याने १८६७ मध्ये फिरून पाहिलं. म्हणूनच हे वर्णन कुठे खोटं वाटत नाही.

मग जवळच तोफगोळा गरगरत पडतो. एडीसी आडवा होतो. आंद्रेई उभाच, कारण जवान पाहताहेत. आणि त्याच क्षणी त्याला गवत, माती, हवा, सगळं हवंहवंसं वाटतं. पुढे इस्पितळाच्या तंबूत शेजारी पाय कापलेला, हुंदके देणारा माणूस दिसतो. तो कुरागिन असतो. आंद्रेईला त्याच्यासाठी रडू येतं.

टॉलस्टॉय इथेच थांबला असता तर गोष्ट गोड झाली असती. पण यारोस्लाव्हलला, नताशा उशाशी असताना, मरणापूर्वीच्या दिवसांत आंद्रेई पुन्हा दूर जातो. या वेळी त्यात तिरस्कार नसतो. सात वर्षांच्या मुलाला जवळ आणतात. तो त्याचा मुका घेतो, पण काय बोलावं ते त्याला सुचत नाही.